कोहळ्याचा मान

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. आपलं आपल्यापाशी.
निर्णय झाला. यंदाच्या दसऱ्याला कोहळा मी फोडणार.
नोंद असावी म्हणून लिहितो. देवनहळ्ळीला आमचा जमिनीचा एक तुकडा अजून विकायचा राहिलाय. तिथे चिंचेच्या फांदीला कुंकू भरलेला कोहळा टांगतात, मागे मातीचा उंच बांध. आमच्या घरातला माणूस बंदुकीने तो फोडतो आणि मगच इथला मराठी समाज सोनं लुटायला मोकळा होतो. तीन बार मिळतात. तिन्ही फुकट गेले तर मान चुलतभाऊ प्रदीपकुमारच्या घरी. आप्पाजींनी सेहेचाळीस वर्षं एकदाही दुसरा बार लागू दिला नाही. वडील म्हणून मला त्यांचा आदर आहेच. पण वय ब्याऐंशी. चहा कपात कमी, बशीत जास्त. कप धरता येत नाही तो माणूस बंदूक काय धरणार?
मी चोपन्न. बनशंकरीत पंप-मोटरचं स्वतःचं दुकान. हात स्थिर (बीपीची गोळी घेतल्यावर).
आप्पाजींना सांगितलं. हसले. म्हणाले, स्वल्प थांब, मगा. कानडीत स्वल्प म्हणजे जरा, मगा म्हणजे पोरा. हे स्वल्प मी तीस वर्षं ऐकतोय.

२० ऑगस्ट, बुधवार
सलग चार व्हिडिओ बघितले. अमेरिकेतला एक दाढीवाला. विषय: बंदुकीची काळी दारू आणि जड स्लग, म्हणजे काडतुसातला शिशाचा गोळा. जे कळलं ते आमच्या घरात चार पिढ्यांत कोणाला कळलं नव्हतं. आप्पाजींचा शिशाचा गोळा फारच हलका. माणूस हलका तसा गोळा.
ठराव १: माझा स्लग दुप्पट जड. साचा लेथवाल्याकडे टाकला.
ठराव २: आप्पाजी दसऱ्याच्या पहाटे उठून पितळी मापाने ताजी काडतुसं भरतात. हा प्लॅनिंगचा शुद्ध अभाव. मी आधीच भरून ठेवणार.
बायकोची, म्हणजे सुनंदाची, बोटं काळी. विचारलं तर म्हणे कढई घासत होते. तिला सांगितलं, ग्लोव्ह्ज घाल, चार लोक घरी येतात.

२४ ऑगस्ट, रविवार
पितळी माप सापडलं. कुठे? सुनंदाच्या मसाल्याच्या डब्याशेजारी! या बाईला कशाचं काही नाही. मेतकूट मोजायला घेते म्हणे. माप काढून घेतलं, मग परत दिलं. मला त्याची गरज नाही, दुकानात डिजिटल काटा आहे.
आप्पाजी म्हणाले, मी शेजारी बसून शिकवतो. मी म्हणालो, बेडा, काही नको. ज्यांना मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही ते मला शिकवणार. सुनंदाने मध्येच येऊन त्यांना ताक दिलं. दुपारी दोघं मागच्या खोलीत भाजी निवडत बसतात. बसू दे. रिटायर्ड लोकांना काहीतरी उद्योग पाहिजे.

३० ऑगस्ट, शनिवार
अडचण एकच. आप्पाजी धडधाकट आहेत तोवर समाज मान दुसऱ्याला देणार नाही. समाजाचे अध्यक्ष प्रतापराव जुन्या वळणाचे. कागद लागतो. तर कागद आणू.
सुनंदा भजनाला गेलीय. दर शनिवारी जाते, दोन वर्षं झाली. येते तेव्हा खांदा दुखतो म्हणते. टाळ वाजवून खांदा दुखणारी ही पहिलीच बाई असेल.

२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १.३०
आप्पाजींना डॉक्टरकडे नेलं. निघताना त्यांच्या कानातल्या मशीनची बॅटरी काढून खिशात ठेवली. उगाच खर्च होते.
डॉक्टरने वार विचारला. आप्पाजी म्हणाले, सरी, म्हणजे बरं. साल विचारलं. सरी, सरी. मग डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? आप्पाजींनी डॉक्टरच्या ओठांकडे बघितलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, हो, जेवण झालं.
डॉक्टरने लिहिलं: स्मृती क्षीण, हाताला कंप, जवळच्या नातेवाइकांना ओळखत नाहीत. मला भरून आलं. प्रिंट हातात येईपर्यंत आवरलं.
वाटेत त्यांना इडली खायला घातली. मुलगा म्हणून मी कुठे कमी पडत नाही. माझ्या शर्टावर चटणी सांडली ती त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली. हात थरथरत होता, डाग पसरला. हाच तर मुद्दा आहे.
घरी बॅटरी परत घातली. विचारत होते डॉक्टर काय म्हणाला. मी म्हणालो, कान तपासले, सगळं उत्तम. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू आहेस म्हणून.
ठीक आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
समाजाची सभा. मी सर्टिफिकेट मोठ्याने वाचलं, मराठीत आणि मग कन्नडमध्ये, म्हणजे कोणाला शंका नको. ‘जवळच्या नातेवाइकांना ओळखत नाहीत’ या ओळीवर थोडं थांबलो. बायकांनी चुकचुक केली. प्रतापराव चष्मा पुसत म्हणाले, मग काय, यंदा गिरीराज. म्हणजे मी. प्रदीपकुमारचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.
आप्पाजी पहिल्या रांगेत, पांढरा फेटा बांधून. आज बॅटरी मी मुद्दाम संपलेली घातली होती. पण घरी आल्यावर कळलं, सुनंदाने निघताना बदलून दिली होती. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं. दोन्ही भाषांत.
गाडीत रोज पुढे बसतात, आज मागे सुनंदाशेजारी बसले. म्हणजे त्यांनाही मान्य असावं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बंदुकीच्या परवान्यासाठी पोलीस स्टेशनला. कारकून म्हणाला, तुमच्या घरची फाइल केव्हाच पूर्ण झालीय, ट्रान्स्फर मंजूर आहे, कागद घरी पोचला असेल. मी अर्ज टाकून आठवडा झाला नाही! याला म्हणतात वजन. कारकुनाला पुढे काही सांगायचं होतं, पण अशा लोकांच्या जास्त तोंडी लागू नये. कागद शोधला पाहिजे. सुनंदाला विचारलं, तिला माहीत नाही म्हणे. तिला काय माहीत असतं?

२१ सप्टेंबर, रविवार
तीन काडतुसं भरली. जड! तळहातावर घेतल्यावर खानदान काय ते कळतं.
सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, आप्पाजी सांगतायत, एवढा जड घालू नका, आणि दारू ओल धरते, इतक्या आधी भरू नका. मी म्हणालो, तू सांबार बघ. हल्ली तिच्या पदराला सडक्या अंड्यासारखा वास येतो. स्वयंपाकघर स्वच्छ ठेवत नाही, दुसरं काय. हेही ऐकवलं. म्हणाली, सरी.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा
गल्लीभर फुटलेल्या कोहळ्यांचा चिखल. एक स्कूटरवाला पडला. मी बाल्कनीतून बघितला.
आमच्याकडे थाटात पूजा. पाटावर बंदूक, दुकानातले पाने-पक्कड, काटा, गाडीची किल्ली. आप्पाजी दरवर्षी बंदूक पूजेत ठेवत, पण काडतुसं कधीच नाही. नास्तिकपणा नाही तर काय? आयुध ते आयुध. मी तिन्ही काडतुसं ताम्हनात उभी केली आणि पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, काही कमी नाही. हळद-कुंकू, अक्षता. रात्रभर तशीच ठेवणार, पूजा हलवायची नसते.
आप्पाजी खुर्चीतून ओरडले, दारूला ओलं लावू नको रे, वेड्या! पाहुणे दचकले. मी शांतपणे सर्टिफिकेटची आठवण करून दिली. पाहुणे म्हणाले, अरेरे, किती करतोस तू वडिलांचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. पहाटे ५.४०
झोप उत्तम. आजचा दिवस घराण्यात लिहिला जाणार. आप्पाजी आणि सुनंदा आधीच उठलेत, मागच्या खोलीत दिवा आहे. माझ्या पाठवणीची तयारी करत असतील.
भाषण पाठ केलं. सुरुवात ‘बंधूंनो’ने.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.००
काय झालं ते क्रमाने लिहितो. निष्कर्ष नंतर काढता येतील.
दीडशे माणूस. समोरच्या अपार्टमेंटच्या बाल्कन्यांतून मोबाइल. मी अनवाणी, कारण पूजा. भाषण झालं. भाषणात म्हणालो, म्हातारे हात थकले की तरुण हातांनी पुढे यावं. आप्पाजी दहा फुटांवर खुर्चीत बसले होते.
पहिला बार. टक्. एवढंच. बंदूक उघडली तर काडतुसाच्या मागून मुंग्या निघाल्या. ओळीने. माझ्या मनगटावर चढल्या. मुलं हसली, मुलांना संस्कार नाहीत.
दुसरा बार. फुस्स. जळक्या दह्याचा वास. स्लग कुठे गेला कोणालाच दिसेना. मी नळी खाली केली तेव्हा तो आतून घरंगळत आला आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. जड होता. तेवढं सिद्ध झालं.
एका पायावर उभं राहून मी तिसरं काडतूस काढत होतो. प्रतापरावांनी माझा हात धरला. म्हणाले, आता एकच बार उरलाय, मोठ्यांना विचारू. आणि आप्पाजींपाशी जाऊन वाकून म्हणाले, अण्णा, गिरीराजला अजून एक संधी द्यायची का?
आप्पाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी दवाखान्यात बघितलं होतं तेवढाच वेळ. मग प्रतापरावांना विचारलं, यारप्पा इवनु?
प्रतापरावांना वाटलं चेष्टा. म्हणाले, अहो अण्णा, कोण म्हणजे? तुमचा मुलगा, गिरीराज.
आप्पाजी म्हणाले, असेल. पण मला जवळची माणसं ओळखू येत नाहीत. कागदावर लिहिलंय. समाजापुढे वाचून दाखवलंय, दोनदा.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग आप्पाजींनी सुनंदाकडे बोट केलं. म्हणाले, ही मात्र ओळखू येते. माझी सून. माझा हात कापायला लागला तेव्हापासून, आठ वर्षं, सगळी काडतुसं हिने भरली. नेम धरायला पण शिकलीय. परवाना हिच्या नावाने केलाय.
प्रतापरावांनी कागद बघितला. सुनंदाच्या पर्समध्ये होता. तिथेच एक काडतूस पण होतं, पहाटे भरलेलं. तिने पदर खोचला. माझ्या हातातून बंदूक घेतली, रुमालाने नळीतल्या मुंग्या पुसल्या. मला म्हणाली, जरा मागे सरा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असा आवाज मी ऐकला नव्हता. आप्पाजींनी ऐकला असावा, ते खुर्चीत आरामात टेकले.
धाड!
कोहळा नव्हताच. फांदीला नुसती दोरी. वाऱ्याने कुंकू उडून माझ्या सिल्कच्या कुर्त्यावर आलं. टाळ्या. प्रदीपकुमार सगळ्यांत जोरात. बायका सुनंदाच्या पाया पडत होत्या, सुनंदा आप्पाजींच्या. मी वाकलो तोवर ते फोटोसाठी उठले होते.
तिचा गोळा हलका होता. माझी नोंद असावी. हलका होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुकान बंद
अंगठा काळानिळा. नख जाणार.
शांतपणे विचार केला. आप्पाजींनी मला ओळखलं नाही, म्हणजे सर्टिफिकेट शंभर टक्के खरं होतं. माझीच बाजू सिद्ध झाली. समाजाला हे पत्र लिहून कळवावं.
पत्राला सुरुवात केली. ‘बंधूंनो’च्या पुढे गेलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
आप्पाजींची तब्येत खालावतेय असं दाखवणारी चिन्हं लिहून काढायची ठरवली. निरीक्षण: दूधवाल्याला नावाने हाक मारली. प्रतापरावांना फोनवर नुसत्या खोकल्यावरून ओळखलं. शेजारच्यांचं कुत्रं आजारी आहे हे त्यांच्या लक्षात होतं. प्रदीपकुमार आला, तर त्याच्या लग्नात कोणती भाजी खारट झाली होती ते सांगितलं.
मी समोरच बसलो होतो. टेबलावर माझ्या जागेकडे बघून सुनंदाला म्हणाले, इथे ही खुर्ची कशाला अडवून ठेवलीय?
सुनंदा भजनाला गेली नाही. बंदूक साफ करत बसली. उघड, हॉलमध्ये.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.२०
ठराव: मोठ्या मनाने आपणच पुढे व्हायचं. रोजनिशीत उगाच जास्त भावना नको, पण मला काल जेवण गेलं नाही.
चांगल्या कंपनीच्या बॅटऱ्यांचं मोठं पाकीट आणलं. चालत गेलो, लंगडत आलो. त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणालो, आप्पाजी, मी चुकलो.
मशीन कानात होतं. बॅटरी नवी होती. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्या पायाच्या बँडेजकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. वाटलं आता म्हणतील, स्वल्प थांब, मगा.
त्यांनी सुनंदाला हाक मारली. म्हणाले, दारात कोणीतरी उभे आहेत बघ, उन्हातून आलेले दिसतात. त्यांना पाणी दे.
जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं.
सुनंदाने पाहुण्यांच्या तांब्यातून पाणी आणलं. मी दारातच उभ्याने प्यायलो.