आऱ्याचे दुसरे टोक

मोहर्ली,
वैशाख वद्य पंचमी

चि. मुखरूस थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. इकडे मी, शेळी आणि कोंबड्या धडधाकट आहोत. तुझा खोकला गेला का? चांद्याच्या शाळेत पोरांवर ओरडून आलेला खोकला औषधाने जाणार नाही, ओरडणे कमी कर.

तू पाठवलेले विज्ञानाचे पुस्तक वाचले. (तुला वाटले असेल, ताई चित्रे पाहून ठेवून देईल.) पण त्यातल्या एका नियमाने माझे डोके फिरवले आहे. एका वस्तूने दुसरीला जेवढ्या जोराने ढकलावे, तेवढ्याच जोराने दुसरी पहिलीला उलट ढकलते म्हणे. मी भिंतीला ढकलून पाहिले, तर भिंत जागची हलली नाही आणि मीच मागे सरकून मडक्यावर बसले. (मडके जुनेच होते.) म्हणजे नियम खरा. पण मग बैल गाडीला ओढतो तेवढेच गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर आमच्या बाजारात माल पोचतो कसा? गाडीवान झाडूला विचारले, तर म्हणाला, "चढावर मागं ओढते बाई, उतारावर ढकलते. एवढ्यासाठी पुस्तक काऊन पायजे?"

आता खरी फजिती ऐक. तुझे भाऊजी गेले तेव्हा दाराच्या फळ्यांसाठी आणलेला बिज्याच्या झाडाचा ओंडका अर्धाच चिरून झाला होता. तो अंगणात उंच लाकडी घोड्यांवर तसाच पडून आहे. दाराला अजून बांबूची तट्टीच आहे, आणि शेजारच्या सुकरीची शेळी परवा बिबट्याने तसल्याच तट्टीतून नेली. पाऊस लागला की चिरेत पाणी शिरून ओंडकाही जाईल. म्हणून भाऊजींच्या आऱ्यावरचा जोडीदार वारलूभाऊ याला बोलावले. तो खाली उभा राहिला, मी ओंडक्यावर चढले. आरा (तुमच्या पुस्तकी भाषेत दोघांनी चालवायची लांब करवत) ओढायचा असतो, ढकलायचा नसतो. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा, पुढचे काम पलीकडच्याचे. लग्न झाल्यापासून हे पाहत आले आहे. पण डोक्यात तुझे पुस्तक! म्हटले, मीच ढकलते, म्हणजे तेवढाच जोर आपोआप परत वर येईल आणि वारलूभाऊचे कष्ट वाचतील.

आऱ्याचे पाते धामणीसारखे वाकले. मी तणसाच्या ढिगावर पडले आणि वारलूभाऊ भुशाने पांढरा होऊन खाली बसला.

"बाई, आरा हाय हा, पाळणा नोहे! ढकलून काऊन राह्यली?"

"तुमच्यासाठीच ढकलून राह्यली, भाऊ. पुस्तकात लिवलं हाय."

"मंग पुस्तकालेच उभं कर खाली!"

असे म्हणून तो जो गेला तो गेला. सुकरी कुंपणापलीकडे हसत होती. (शेळी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी आणखी थोडा वेळ तणसावरच पडून राहिले.)

आता सांग, मी ढकलले तर तेवढेच परत का आले नाही? की आले, म्हणूनच मी तणसावर पडले? त्याच पानावर असेही लिहिले आहे की जोर कधी एकट्याचा नसतो, त्याला दोघे लागतातच. तेवढे मात्र समजावून द्यायची गरज नाही. एकटीने आरा ओढून पाहिला आहे. तो माझ्याकडे येतो, मग नुसता थांबून राहतो.

असो. मला कोणाची गरज नाही. तट्टीला काटे बांधले आहेत. तू काळजी करू नको.

तुझी ताई,
सुगंधा

ता. क. शाळेला सुट्टी लागली असेलच. हा नियम पत्राने कळण्यासारखा नाही, तोंडीच समजव. येताना जुने धोतर आण, भुसा फार उडतो.

पुन्हा ता. क. नियम नाही समजावलास तरी चालेल. खाली उभा राहून फक्त ओढ. वरची जागा मात्र मागू नको, तिथे तुझे भाऊजी उभे राहत.