तुमचा कडा आणि बैलाची गाठ

सर,

परवा तुमच्या कड्यावर जाऊन आले. कडा हा शब्द तुमचा. करडी गावापलीकडच्या जंगलात, उन्हाळ्यात ठणठणीत कोरड्या पडणाऱ्या नाल्याच्या घळीतला तो तीन पुरुष उंचीचा खडक. दुपारनंतर तिथं ऊन पोचत नाही, एवढंच त्याचं कौतुक. आजही कुणी चढत नाही, कारण वर देव नाही आणि मोहाचं झाडही नाही. तुम्ही मात्र हिमालय सापडल्यासारखे आम्हा नववीच्या पोरींना दर रविवारी तिथं न्यायचात. धानाच्या बांधावर चालतानाही धाप लागणारा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे ओढलेला माणूस खडकाला हात लावून म्हणायचा, "आधी याले इचारा, मंग चढा." गाव हसायचं. सगळ्यात जास्त मी हसायचे.

मग एका रविवारी मी अर्ध्यावर असताना माझ्या कमरेचा दोर सुटला आणि कोपर मोडला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत माझे बाबा तो दोर घेऊन उभे आहेत. "ही बैलाची गाठ हाये. बैल बुजला का दोराचं शेपूट ओढाचं, झटक्यात सुटते. कोनं बांधली?" तुम्ही माझ्याकडं पाहता. मी प्लास्टरकडं पाहते. तुम्ही म्हणता, "मी." बाबा म्हणतात, "मास्तर, गाठीची अक्कल नाही तुमाले, पोरी कायले लटकवता?" शिपाईसुद्धा हसला. महिन्याभरात तुमची बदली झाली, आणि तुम्ही तेच मोजे घालून गेलात. असला मऊ माणूस मला कधीच आवडला नाही. पुढं वर्तमानपत्रात नोकरी करताना ऐन वेळी मजकूर कमी पडला, की बैलाची गाठ बांधणाऱ्या मास्तरांचा किस्सा मी दिला आहे. एकदा नाही, तीनदा. लोकांना फार आवडतो.

परवा पाहिलं, तुमच्या हिमालयावर मागच्या बाजूनं गुरं चढतात. तरी समोरूनच चढून पाहावं म्हणून गाडीतला दोर काढला, कमरेला बांधला. शेपूट पळसाच्या फांदीत अडकलं, मी एक पाऊल टाकलं आणि दोर पायाशी गळून पडला. घरी बैल होते तोवर रोज संध्याकाळी ही गाठ मीच बांधायचे. हात विसरलेले नाहीत.

त्या दिवशीही तुम्ही गाठ तपासायला वाकला होतात. "थांब वो पोरी, पाहू दे." मी म्हणाले होते, "मले येते, सर. तुमीच धापा टाकून राहिले, बसा तिकडं." पोरी हसल्या, आणि तुम्ही खरंच जाऊन बसलात. चौदा वर्षांच्या पोरीचं ऐकून बसलात, याचा राग मला अजून येतो.

तुम्ही आज हयात असतात, तर हे लिहिलं नसतं. किस्सा चौथ्यांदा छापला असता.