स्टार्चमधली चांदी

निर्मळ,
१२ ऑगस्ट २००४

प्रिय कार्मिनताई,

प्रभूच्या कृपेने तू कुवेतला सुखरूप असशील. इकडे आई बरी आहे. केळीची नवी लागवड छान धरली आहे. मोगरा मात्र यंदा बेताचाच.

पप्पा फोनवर येत नाहीत म्हणून तू रागावलीस. ते वाडीत गेलेत, असं मी दर वेळी सांगत आले. ते खरं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेतली चांदी जंतू मारते, हे मी ईस्टरला जेवताना बोलले होते. पप्पांनी ते गावभर सांगितलं. पुढे जूनमध्ये त्यांच्या पायाला कुदळ लागली. रक्तातल्या साखरेमुळे जखम भरेना. "तुझी ती बाटली आण," म्हणाले.

मी समजावलं. चांदीचे इतके बारीक कण सुटे राहावेत म्हणून द्रावणात स्टॅबिलायझर घालावा लागतो. तो कणांभोवती बसतो, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. आमचे सगळ्यांत बारीक कण ज्याच्यामुळे होतात, ते साबणासारखं रसायन कातडीच्या पेशीही मारतं. आणि ते धुऊन काढलं, तर चांदी गोळा होऊन तळाशी काळी बसते.

"मग दुसरं काहीतरी घाल."

दुसरं होतं, ताई. स्टार्च. त्यात कण लहानमोठे होतात, पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुरुचीने ते पेशींवर घालून पाहिलं, तेव्हा पेशी जगल्या. माणसाच्या जखमेवर मात्र ते कुणीच लावलं नव्हतं. मी नाही म्हटलं. माणिकपूरला डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागले.

"लोकांसाठी औषध शोधतेस आणि बापाला देत नाहीस. तू देईपर्यंत मी कुठं जाणार नाही."

मला वाटलं, हट्ट सोडतील. आई नुसती माझ्याकडे बघायची. जखमेला वास यायला लागला, तेव्हा शेजारच्या व्हिन्सेंटकाकांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं.

पाय घोट्याच्या वरून कापला, ताई. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली होती.

न तपासलेलं काही लावलं नाहीस ते बरोबर केलंस, असं डॉक्टर म्हणाले. मी ते पप्पांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काल इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "खुर्ची वाडीकडे फिरव." मी फिरवली. त्यांना झाडं बघायची होती, की मी दिसायला नको होते, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. रजा काढून ये.

तुझ्याशी इतके दिवस खोटं बोललेली,
ॲनिशा