पोट तीस मिलीमीटर वर

५ मार्च, रविवार. संध्याकाळी

आज गाडी चार वेळा उलटली. चारही वेळा तिसऱ्या वळणावर. माझी काही चूक नाही, स्प्रिंगची आहे.

आमचा दुकानदार रिमोटवर चालणारे ट्रक विकतो आणि दर रविवारी दुकानामागच्या मातीच्या मैदानात त्यांच्या शर्यती लावतो. तो म्हणाला, एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय बदललंस ते वहीत लिही. म्हणून ही वही. आठवीनंतर वहीशी माझा संबंध आला नव्हता.

गाडी: बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी. चाकं चार, स्प्रिंगा चार. सध्या पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात मऊ. त्यानेच बसवून दिलेल्या.

महत्त्वाचं. त्याच्या दुरुस्तीच्या टेबलावरचा माणूस महिनाअखेर सोडून चाललाय. मी सरळ विचारलं, ती जागा मला द्याल का. दुकानदार म्हणाला, २६ तारखेला मोठी शर्यत आहे, तुझी गाडी बघतो. नंबर आला नाही तरी चालेल. गाडी नीट बसवलेली दिसली पाहिजे, मग बोलू.

म्हणजे हो म्हणाला. फक्त शब्द वेगळे वापरले.

६ मार्च, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत

या कामाला माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही. मी गाद्यांच्या कारखान्यात आहे. एकेका गादीत सहाशे स्प्रिंगा. माझं काम तयार गादीला प्लॅस्टिक गुंडाळायचं हे खरं, पण गुंडाळताना गादी हाताखालून जातेच ना. तळहाताला स्प्रिंग कळते. हे शाळेत शिकवत नाहीत, म्हणूनच मी तिथे रमलो नाही.

ताईला फोन केला. म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मी सस्पेन्शन इंजिनीअर. ताई म्हणाली, हे कितवं काम रे तुझं? म्हटलं, पाचवं. म्हणाली, सहावं, लाँड्री धरली नाहीस तू. म्हटलं, तिथे तीनच दिवस होतो, ते धरत नसतात. ती म्हणाली, बरं. आणि जेवलास का विचारलं.

एव्हाना घरभर झालं असणार. ताईच्या पोटात काही राहत नाही.

७ मार्च, मंगळवार

संकल्प: आजपासून सगळं मोजून मापून. अंदाजपंचे बंद.

दुकानदाराचा नियम असा. गाडी टेबलावर ठेवायची, वरून हलकेच दाबून सोडायची. ती जिथे थांबेल तिथे तिचं पोट टेबलापासून तीस मिलीमीटर वर पाहिजे. कमी भरलं तर स्प्रिंगवरची रिंग फिरवून ती आवळायची.

खोलीत टेबल एकच. अर्धं माझं, अर्धं वेल्डरचं. आम्ही दोघं एका खोलीत राहतो. तो दिवसभर फाटकं आणि जिने जोडतो, आणि घरी आला की माझ्या अर्ध्या भागावर डबा ठेवतो. आज त्याला डबा पलंगावर ठेवायला लावला. बॅटरी खिडकीतल्या प्लगला चार्जिंगला लावली आणि निवांत बसलो. दोन तास. चारही कोपरे बरोब्बर तीस. एक केस इकडे नाही की तिकडे नाही.

वेल्डरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, छान, आता डबा ठेवू?

१२ मार्च, रविवार

विश्वास बसत नाही. घरी तीस होतं, मैदानावर पट्टी लावली तर चोवीस. सहा मिलीमीटर गेले कुठे? घरून निघताना गाडी पिशवीत, पिशवी मांडीवर, कुणी हात लावला नाही.

गाडी तीनदा उलटली. तिसरं वळण.

नर्सबाई म्हणून एक आहेत. पन्नाशीच्या, ड्यूटी संपवून तशाच येतात. त्यांच्या गाडीला स्प्रिंगा कुठल्या आहेत हे त्यांनाच ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, असतील चार. तरी दर वेळी पहिल्या तिघांत. निव्वळ नशीब. मला म्हणाल्या, बाळा, तू वळणावर येतोस तेव्हा रिमोटवरचं बोट उचलत नाहीस. म्हटलं, प्रश्न बोटाचा नाही, स्प्रिंगचा आहे. त्या म्हणाल्या, असेल हो, मला काय कळतंय त्यातलं.

निदान मान्य तरी केलं.

१४ मार्च, मंगळवार

सापडलं. आज गादी गुंडाळताना अचानक डोक्यात आलं. बस. पाऊण तासाचा प्रवास, रस्त्याला हे खड्डे. गाडी चार पायांवर बसलेली. प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग दबते. मैदानावर पोचेपर्यंत स्प्रिंगा थकतात. माणूस नाही का थकत?

सुपरवायझरला गाठून विचारलं, स्प्रिंग थकते का. म्हणाला, दहा वर्षांनी. म्हणजे थकते.

उपाय: गाडी उलटी न्यायची. पाय वर. भार नाही, थकवा नाही.

क्लबच्या ग्रुपवर सविस्तर टाकलं. ज्ञान लपवून ठेवू नये. अकरा जणांनी वाचलं, त्यांतल्या एका टॅक्सीवाल्याने अंगठा दिला.

सोबत दुकानातून निळ्या स्प्रिंगाही घेतल्या, पांढऱ्यांपेक्षा कडक. एका वेळी एकच बदल असं ठरलं होतं, पण हाताशी वेळ कमी आहे. घरी बसवून पुन्हा तीस करून ठेवलं.

१९ मार्च, रविवार

बसमध्ये पाऊण तास गाडी मांडीवर उताणी धरून बसलो. शेजारच्या आजी एकटक बघत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, गेलं का? म्हटलं, काय? म्हणाल्या, तुझं ते. म्हटलं, आजी, ट्रक आहे तो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. समजावण्याचा नाद सोडला.

पण मैदानावर मोजलं आणि सार्थक झालं. सत्तावीस. गेल्या खेपेला चोवीस होतं. नुसतं उलटं आणल्याने तीन मिलीमीटर वाचले. स्प्रिंगाही बदलल्या होत्या, पण त्याचा संबंध नसावा.

टॅक्सीवाल्यानेही गाडी उलटी आणली. त्याच्या गाडीतलं शॉकचं, म्हणजे स्प्रिंगच्या आतल्या नळ्यांचं, सगळं तेल टॅक्सीच्या सीटवर सांडलं. झाकण नीट लावत नाहीत लोक.

आज दोनदाच उलटली. सुधारणा. तिसऱ्या फेरीला मात्र पुढे नर्सबाई होत्या, त्यांच्या गाडीवर जाऊन आदळली. त्यांच्या गाडीला काही झालं नाही. मी सॉरी म्हटलं, त्या म्हणाल्या, बोट. एवढंच.

२० मार्च, सोमवार

सुपरवायझरला सांगून टाकलं, महिनाअखेर मी जाणार. तो हिशोबाच्या कागदात बघत होता. म्हणाला, बरं. दुसरं काही? म्हटलं, नाही. मनाला लागलं असणार त्याच्या, पण दाखवलं नाही.

संध्याकाळी काळ्या स्प्रिंगा आणल्या. यापेक्षा कडक निघतच नाहीत. दुकानदार म्हणाला, काळ्या? तुझ्या गाडीला? मी नुसता हसलो. काही गोष्टी कृतीतून दाखवायच्या असतात.

२३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७

काळ्या बसवल्या. गाडी दाबली की टेबल हलतं, गाडी नाही. तरी रिंगा फिरवून फिरवून तीसवर आणली. बोटांची सालटी निघाली.

वेल्डर डबा घेऊन आला आणि उभा राहून बघत होता. मग गाडीकडे वाकून म्हणाला, ही मधे एवढी पोकळी कसली? म्हटलं, ती बॅटरीची जागा. म्हणाला, मग बॅटरी कुठाय? म्हटलं, चार्जिंगला, खिडकीत, दिसत नाही का. तो म्हणाला, शर्यतीलाही खिडकीतच ठेवणार का?

मी म्हटलं, तुला सस्पेन्शनमधलं काही कळत नाही. तो म्हणाला, नाही कळत, आणि जेवायला बसला.

९.४०

वेल्डर डबा धुऊन खाली गप्पा मारायला गेला तेव्हा बॅटरी वजनकाट्यावर ठेवली, मग गाडीत घातली. पीठ मोजायचा काटा. नुसत्या बॅटरीचं वजन तीनशे ऐंशी ग्रॅम.

पोट अठ्ठावीस. निळ्या लावून बॅटरीशिवाय तीस केलं, मग बॅटरी घातली, सत्तावीस. पांढऱ्या तशाच लावल्या, चोवीस.

चोवीस. मैदानावरचं चोवीस.

१०.०५

ग्रुपवरचा तो मेसेज आता पुसता येत नाही. नऊ दिवस झाले. आज आणखी दोघांनी लिहिलंय की उलटं नेल्याने फरक पडतो.

वेल्डर आत आला तसं मी गाडीवर टॉवेल टाकला. म्हणाला, काय झालं? म्हटलं, थंडी आहे.

२५ मार्च, शनिवार

आज लपवाछपवी नाही. लिहायचं तर खरं लिहायचं. पांढऱ्याच स्प्रिंगा पुन्हा लावल्या, ज्या दुकानदाराने मुळात दिल्या होत्या. बॅटरी आत. वरचं रंगीत कव्हरही घातलं, त्याचंही वजन असतं, हे मला कुणी न सांगता सुचलं. रिंगा आवळत तीसवर आणली. मग पुठ्ठ्याच्या खोक्यांचा उतार करून वीस वेळा सोडली. गाडी उतारावरून येते, जमिनीला टेकते, एकदा खाली बसते आणि गप्प. मांजर खिडकीतून उतरतं तशी.

वेल्डरने पाहिलं. म्हणाला, आता बरी दिसते. त्याला काय माहीत, तीन आठवडे गेले यात.

मनात धाकधूक आहे. हे टेबल मिळालं नाही तर मी पुन्हा काय करणार, हा प्रश्न मी मनातसुद्धा नीट विचारलेला नाही. उद्या विचारायची वेळ येणार नाही.

२६ मार्च, रविवार. संध्याकाळी

आधी चांगलं. मैदानावर मोजलं, तीस. बसमधून गाडी सरळच आणली होती. टॅक्सीवाल्याने विचारलं तेव्हा म्हटलं, अलीकडे रस्ता सुधारलाय.

आता बाकीचं. पहिल्या फेरीत तिसऱ्या वळणावर उलटली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर उलटली. चौथ्या फेरीत तिसऱ्या वळणावर उलटली आणि वेळ संपली. मला फायनलला जागा नाही. गाडीची पाहणी केली. स्प्रिंगा ठणठणीत, पोट तीस, शॉकमध्ये तेल. दोष द्यायला जागाच उरली नव्हती. फार विचित्र वाटलं. इतके दिवस गाडी आणि मी अशी दोघांत चूक वाटून घेता येत होती.

आमच्यात पद्धत अशी की तुमची शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला तुम्ही वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मला कुठलं वळण मिळालं हे लिहीत नाही.

फायनलच्या पाच मिनिटं आधी नर्सबाईंच्या गाडीचा गिअर तुटला. त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, बाळा, तुझी देतोस? मी दिली. काय करणार, मागितली त्यांनी.

मग मी वळणावर उभा राहून माझीच गाडी बघितली. ती माझ्याकडे यायची, वळणाच्या अलीकडे जरा हळू व्हायची, आतल्या अंगाला कलायची, उंचवट्यावरून उडायची, टेकायची, गप्प. चौदा वेळा. एकदाही हात लावावा लागला नाही. लोकांच्या गाड्या सरळ करून माझी पाठ मोडली आणि माझी गाडी शेजारून निघून जात होती. नर्सबाई पहिल्या आल्या.

दुकानदार आला. गाडी हातात घेतली, दाबली, सोडली, पट्टी लावली. म्हणाला, गाडी उत्तम बसवलीये. मग म्हणाला, गेल्या रविवारपर्यंत तर ही खडखडत होती, काय बदललंस?

म्हटलं, पांढऱ्या परत लावल्या, आणि बॅटरी आत घालून मापं घेतली.

तो म्हणाला, आधी बॅटरीशिवाय घेत होतास? मग हे लक्षात कसं आलं?

इथे मला म्हणता आलं असतं की विचार करून. तीन आठवडे मी दुसरं काय केलं? शब्द ओठावर होते. पण शेजारी नर्सबाई माझी गाडी फडक्याने पुसत उभ्या होत्या. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं की खोलीवरच्या वेल्डरने विचारलं.

दुकानदार म्हणाला, ट्रक चालवतो का तो?

म्हटलं, त्याने आयुष्यात हातात धरलेला नाही.

आणि बघून कळलं त्याला?

हो.

बारीक कामाची सवय आहे?

म्हटलं, त्याने केलेल्या जिन्याच्या कठड्यात जोड कुठे आहे ते सापडत नाही.

मीच म्हटलं हे. कुणी विचारलं होतं एवढं?

दुकानदार म्हणाला, त्याला उद्या घेऊन ये.

महिन्याभरात एकच गोष्ट जशीच्या तशी सांगितली, ती नेमकी या माणसाला.

२७ मार्च, सोमवार

सकाळी वेल्डरला निरोप दिला. तो म्हणाला, मला? मी नाही जात, जागा तुझी आहे. म्हटलं, जा गप. म्हणाला, मला त्या खेळण्यांतलं काही येत नाही. म्हटलं, मला येत होतं. त्याने माझा इस्त्री केलेला शर्ट मागितला. दिला. त्याला जरा घट्टच झाला.

कारखान्यात सुपरवायझरच्या समोर जाऊन उभा राहिलो. सगळं पाठ करून गेलो होतो. म्हटलं, साहेब, मी जाणार म्हणालो होतो, पण परिस्थिती बदललीये. तो म्हणाला, कधी म्हणाला होतास? म्हटलं, गेल्या सोमवारी. तो म्हणाला, हां. अरे, तू दर महिन्याला म्हणतोस, मी लिहून घेत नाही. जा, मशीन चालू झालंय.

तीन महिन्यांत फक्त तीनदा म्हटलंय. पण वाद घातला नाही.

सुट्टीत वेल्डरचा फोन आला, टेबल त्याला मिळालं. मग ताईला फोन केला. म्हटलं, ती जागा दुसऱ्याला मिळाली. घरी सगळ्यांना सांगून बसली असशील, आता काय सांगायचं ते तूच ठरव. म्हणाली, मी कुणालाच सांगितलं नव्हतं रे. वाटलं, आधी पक्कं होऊ दे.

मग म्हणाली, बरं, त्या गाद्यांच्या ठिकाणी तू नक्की काय करतोस? आई विचारत असते, मला नीट सांगता येत नाही.

म्हटलं, तयार गादीला प्लॅस्टिक गुंडाळतो.

म्हणाली, एवढंच?

म्हटलं, दिवसाला शंभर गाद्या.

म्हणाली, शंभर? एकटा? आणि हे पक्कं आहे ना?

म्हटलं, हो, पक्कं.

म्हणाली, मग हे सांगते आईला.