दोराच्या उजव्या हाताला

सोमवार, ४ तारीख

प्रिय धाकटे,

लग्न नाही, आजारपण नाही, तरी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे माझ्याच वयाचे आहेत, त्यामुळे त्यांची तक्रार करत नाही. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

आमच्या नाट्यगृहात सध्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण चालू आहे. हसू नकोस, माझंसुद्धा. एकतीस वर्षं मी इथला रंगमंच सांभाळते, आणि आता माझ्या मुलीच्या वयाची एक बाई गळ्यात शिट्टी अडकवून मला शिकवते. लोक तिला शिट्टीबाई म्हणतात. पहिल्या दिवशी तिने खुर्च्या गोल मांडायला लावल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे खुर्च्या रांगेत असतात." तर म्हणाली, "म्हणूनच गोल." पोरगी उद्धट नाही, पण उत्तर देते.

तिचा खेळ असा : चिठ्ठ्या उचलायच्या आणि तीन दिवस दुसऱ्याचं काम करायचं. मग त्या जागेवरून काय दिसतं ते लिहून आणायचं आणि आपली पाळी येईल तेव्हा वाचायचं. तिकीट खिडकीवाल्याला कपडेपट मिळाला. त्याने राजाच्या शेल्याला इस्त्रीचा असा डाग दिला की राजाला आता हात पोटावर ठेवूनच राज्य करावं लागेल. मला दर्शनी पडद्याचा दोर मिळाला.

सुतारमामांनी शिडी धरली. "जपून, बाई. शिडी तुमचा दरारा मानत नाही." बावीस पायऱ्या चढून वरच्या कट्ट्यावर गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वरून सगळं वेगळंच दिसतं गं! नटांची डोकी, त्यांच्यावर पडलेला उजेड, विंगेतला माझा कोपरा. तिथे मी बटण दाबत बसते, ती जागा वरून इवलीशी दिसते. दोराच्या डावीकडे उभी राहिले. समोर इशाऱ्याचा बल्ब, तांबडा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे ओढ. दोन्ही रंग स्वच्छ दिसले.

एकच विचारायचं आहे. तू दोराच्या कुठल्या बाजूला उभी राहायचीस? सहज विचारते आहे. जमल्यास लवकर कळव.

ताई


बुधवार, १३ तारीख

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड काल आलं. "उजव्या हाताला. का?" एवढंच. मायना नाही, सही नाही. माझ्याकडूनच उचललेली सवय, मी काय बोलणार?

आता तुझ्या 'का'विषयी.

त्या दिवशी शिडीवरून उतरले तेव्हा मला फार बरं वाटत होतं, हे आधी सांगून टाकते. बल्ब दिसतो म्हणजे दिसतो, तेवीस वर्षांपूर्वी मी बरोबर होते. तसं सुतारमामांना बोलूनही दाखवलं. ते खिळे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "धाकट्या बाई त्या बाजूने नाही ओढायच्या. डावखुऱ्या ना त्या." म्हणून तुला विचारलं. सहज नव्हतं विचारलं.

तुझं कार्ड हातात घेऊनच काल पुन्हा वर गेले. या वेळी उजवीकडे उभी राहिले. खाली शिट्टीबाईंना बटणावर बसवलं होतं. बल्ब दिसला. मग सुतारमामांना ओरडून सांगितलं, ती महालाची भिंत वर उचला. तीच जुनी भिंत, मोठ्या नटांच्या निरोपाच्या प्रयोगासाठी तेव्हा नवी करून घेतलेली. त्यांनी ती चढवली, तशी तिची लाकडी चौकट बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबली.

"दाबलं का?" मी विचारलं.

"केव्हाचं दाबलंय!" शिट्टीबाई खालून ओरडल्या.

मला काहीच दिसलं नव्हतं. दोन पावलं डावीकडे सरकले, तर हिरवा दिवा लख्ख लागलेला.

पुन्हा उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे आले. मामा शिडीखालून म्हणाले, "बाई, उतरा आता, का तिथेच नोकरी धरताय?"

त्या प्रयोगात शेवटी महालाची भिंत वर गेली, मोठे नट मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, पडदा पडेना, आणि शेवटी मेलेला माणूस स्वतः उठून चालत आत गेला. सगळं प्रेक्षागृह हसलं. चाळीस वर्षांच्या कामाचा शेवट हशाने झाला. तू म्हणालीस, "ताई, दिवा लागलाच नाही." मी चारचौघांत म्हटलं, "बटण मी दाबलंय. खोटं बोलू नकोस." आणि नोंदवहीत लिहिलं : पडदा ओढणारीचं लक्ष नव्हतं. आठवड्याभरात तुझं काम गेलं.

मी बटण दाबलं होतं हे खरं. तू खोटं बोलली नव्हतीस हेही खरं. तुझ्या जागी आलेला माणूस उजव्या हाताने ओढायचा, डावीकडे उभा राहायचा, म्हणून पुन्हा कधी चुकलं नाही. दर प्रयोगाला पडदा वेळेवर पडायचा आणि दर प्रयोगाला मला वाटायचं, बघा, चूक तिचीच होती.

आता जे टाळत होते ते. त्याच दिवशी वर जाऊन बघता आलं असतं. तेव्हा गुडघे चांगले होते. पण बल्ब कुठे लावायचा ते मी ठरवलं होतं, खाली उभं राहून, बोट दाखवून. दिवा दिसल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, हा नियमही माझाच, आणि तू तो पाळलास. वर काही सापडलं असतं तर ते माझ्याच अंगाशी आलं असतं. म्हणून चढले नाही.

आज गोल खुर्च्यांत माझी पाळी आली. काय दिसलं ते लिहून नेलं होतं, ते उभी राहून वाचलं, तुझ्या आणि माझ्या नात्यासकट. शिट्टीबाईंनी फक्त विचारलं, "दुसरा बल्ब कुठे लावायचा?" मी म्हटलं, "ते खालून ठरवायचं नाही."

जुनी नोंदवही काढून त्या ओळीखाली लिहिलं आहे : उजव्या बाजूने दिवा दिसत नव्हता. जागा मी निवडली होती. आजची तारीख घातली आहे.

बल्ब अजून लावलेला नाही. मामा तार घेऊन थांबले आहेत. तू येऊन तुझ्या जागी उभी राहा आणि बोट दाखव. शिडी मी धरेन. येणार नसशील तर तसं कार्ड टाक, मायना नसला तरी चालेल.

दोन्ही नोंदींखाली जिची सही आहे ती,
तुझी ताई