मावशीसाठी संडास

दि. ३ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र फोडायच्या आधी तू पाकीट उजेडात धरून बघितलं असशील. आत काही मागणी नाही. मी मजेत आहे. गोदामातली नोकरी सोडली (सुटली म्हण हवं तर) आणि सध्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुतारकाकांकडे आहे. दिवसभर जुना रंग खरवडतो. नाक शिंकरलं की निळं निघतं. काका फार बोलत नाहीत, पण त्यांची एक छोटी शिडाची होडी आहे, ती सुटीच्या दिवशी मला देतात. तिला पुढे एक बुटकी खोली आहे. खुराडंच म्हण. आत उभं राहिलं की टेंगूळ ठरलेलं.

आमच्या छपरावर एक पांढरा पक्षी येतो, तो माझा डबा ओळखतो. काकांच्या डब्याकडे बघतसुद्धा नाही. असो, ते नंतर.

मुद्दा असा की त्या खुराड्यात एक टॉयलेट ठेवायचं आहे. उचलून नेता येतं तसलं. तुझा सल्ला हवा. एक प्रकार म्हणजे घडीचं स्टूल, खाली पिशवी नि पिशवीत पावडर. दुसरा, बादली आणि भुसा. काका म्हणतात माणसाला आणखी काय लागतं. आणि एक दोन मजली पेटी मिळते. वरच्या मजल्यावर बसायचं, खालच्या मजल्यावर टाकी, मध्ये सरकती झडप. झडप लोटली की होडी कितीही कलली तरी थेंब बाहेर येत नाही, असं दुकानदाराचं म्हणणं. मला तो माणूस पटत नाही. ज्या वस्तूवर हात ठेवीन ती तो स्वतःच्या घरी वापरतो म्हणे. त्यातून आतून एक पेटी काढून आणली आणि सांगितलं की ही फक्त एकदाच वापरलेली आहे. मावशी, एकदाच कोण वापरतं? आणि त्या माणसाचं पुढे काय झालं?

तर तुला कोणता बरा वाटतो ते कळव.

आई पावसाळ्याआधी खाडीपलीकडचं घर सोडून दादाकडे कायमची जाणार आहे, विमानाने. तुला तिने लिहिलंच असेल. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तळाशी उरला असेल तेवढा तरी राहू दे.

तुझा,
भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

मी कपडे बेतते, संडास बेतत नाही. गावात इतके गवंडी, नळवाले असताना पोराला मावशीच आठवावी? आणि संबंध नाही असं जो न विचारता सांगतो, त्याचा संबंध असतोच. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुझ्या आईने तुला पढवलंय.

मलाही तिचं पत्र आलंय. चारच ओळी, पण मिरची लावलेल्या. ह्या वेळीही आली नाहीस तर मी समजेन की मला मनातून पुसलंस, असं लिहिलंय. मोठ्या बहिणीला लिहायची ही रीत! मी काय हौसेने जात नाही? गुडघा आहे, दुकानात कापडांचे ढीग आहेत, मदतीची मुलगी काजं वाकडी करते. बस खाडीला वळसा घालून जायला अख्खा दिवस घेते. तिला म्हणावं, समजून घे.

राहता राहिला तुझा प्रश्न. भुशाची कल्पना काढून टाक, मी काय मांजर आहे? आणि ती टाकी भरल्यावर कुठे न्यायची, कोण नेणार? मला करायचंय काय म्हणा. सहज विचारलं.

जेवणखाण वेळेवर कर. नाक दाखवून घे. आशीर्वाद आहेतच, पण ते वाया घालवू नकोस.

तुझी,
मावशी


दि. १७ मार्च

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईने पढवलेलं नाही. आईची समजूत तर अशी आहे की ती लग्न करून खाडीपलीकडे गेली तो राग तू अजून धरून आहेस. गुडघ्यावर तिचा विश्वास नाही. माझाही नाही. शिलाई मशीन दिवसभर पायाने हाणतेस तेव्हा तो बरा गप्प बसतो?

मला काय वाटतं ते सांगतो, रागावू नकोस. ती बस दिवसभरात एकदाच थांबते, तीही उघड्या माळावर. पुरुष उतरतात. बायका दुसऱ्या खिडकीबाहेर बघत बसतात. हे मी लहानपणापासून बघत होतो, पण त्यात बघण्यासारखं काही आहे हे डोक्यात आलं नव्हतं. गेल्या वर्षी बिघडलेलं पोट घेऊन मी त्या बसमध्ये बसलो, तेव्हा आलं. बाकीचं लिहीत नाही. त्या दिवशी मला तुझी आठवण झाली, आणि एवढ्या वर्षांतली तुझी सगळी कारणं एका दमात समजली.

तेव्हा होडीने चल. खाडी सरळ कापली की सकाळी निघून दुपारी पोचतो. टाकी मीच नेणार, मीच धुणार. धक्क्यावर ओतायची वेगळी मोरी आहे.

दोन मजली पेटी आणली. नवी कोरी. दुकानदाराने उंचातली दिली, मोठ्या माणसांच्या गुडघ्यांना उंच बरी म्हणून. (तुझ्या गुडघ्याचं मीच बोललो होतो, तिथे फसलो.) दुकानात बसून पाहिलं, झकास. होडीत बसून पाहिलं तर डोकं छताला धाडकन. तो आता परत घेत नाही, कारण मी बसून पाहिली! मग एकच जागा उरली, अगदी पुढच्या टोकाला. तिथे छताला चौकोनी झाकण आहे, ते उघडलं की मान बरोबर बाहेर येते. म्हणजे डोकं उन्हात, बाकी सगळं आत. मी मागे सुकाणूवर. पेटी पुढे तोंड करून ठेवली तर तुझी माझ्याकडे पाठच राहील.

काका बघून गेले. मग शेडमध्ये जाऊन बराच वेळ खोकत होते.

रागावलीस तरी लोभ आवरता घेऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


दि. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

(उत्तम हा शब्द गाळला आहे, तो मुद्दाम.)

माझं मुंडकं होडीवर ठेवून खाडीभर मिरवणार आहेस का, मेल्या? आणि हे बेत सुचतात तेव्हा तू दुसऱ्या कुणाला सांगतोस का? त्या काकांना मी येणार आहे हे माहीत आहे? ते खोकले कशाला?

तू लिहिलंस त्यातलं काही खरं आहे असं मी म्हटलेलं नाही.

त्या झाकणाच्या चौकटीचं माप पाठव. अंदाजाने नको, टेप लावून. जाड सुती कापड पडलंय. न्हावी गळ्याभोवती बांधतो तसं एक करते, गळ्याशी नाडी आणि कडेने बटणं. तू चौकटीला खालून खिळे मार, त्यांना घट्ट बसेल. वरून डोकं तेवढं दिसेल. होडीत डोकं बाहेर काढून बसलेली बाई म्हणजे हवा खाणारी बाई. कुणी काय म्हणेल?

आणि मी आत असेन तोवर तू मागे तोंड करून बसायचं. पाठ असली तरी चालणार नाही, पाठीवर माझा भरवसा नाही. डावं-उजवं मी सांगेन, तू सुकाणू वळव. शिवाय मोठ्याने गाणं म्हण. थांबायचं नाही.

धाकटीला काही कळवू नकोस. मी अर्ध्या वाटेतून परत फिर म्हणाले तर तिला कशाला वाट बघायला लावायची? कळवलंस तर मला कळेल. तुला पोटात काही ठेवता येत नाही.

शब्द पाळलास तर उत्तम आशीर्वाद पुढच्या पत्री.

तुझी,
मावशी


दि. ६ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

होडी सुखरूप परत आणली, तिच्या नाकावरचा ओरखडा सोडून. काका तो रोज बोटाने चाचपतात आणि माझ्याकडे बघतात.

मावशी, धक्क्याला आदळलो त्यात माझी चूक नाही. तू मागे बघ म्हणालीस, मी मागेच बघत होतो. येतात तेवढी सगळी गाणी संपली, मग पाढे म्हटले, तेही गाण्याच्या चालीत. डावीकडे, आणखी डावीकडे असं तू सांगत होतीस आणि मग एकदम गप्प. मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. मग पाढेच आणखी मोठ्याने म्हणत राहिलो, तुमचं काय बोलणं झालं ते त्यात ऐकू आलं नाही, आणि धाडकन! वळून बघतो तर तुझं कापड फाटलेलं आणि आई धक्क्यावर फतकल मारून बसलेली. मी काही विचारायच्या आत दोघी माझ्यावरच ओरडलात की दोर बांध.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो तरी दोघींपैकी एकीने सांगितलं नाही. आता संशय येतो की तू मुद्दाम गप्प राहिलीस. पाढे चुकले म्हणून?

खरं काय ते कळव, निदान काकांना सांगता येईल. लोभ आहे की तोही आदळला?

तुझा,
भिंगरी


दि. ११ एप्रिल
तुझ्या आईच्या घरून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकांना काहीही सांगायचं नाही. तुला सांगते, कारण तू खरंच मागे बघत होतास. मी दोनदा खात्री करून घेतली होती.

वारा पडला होता. धक्का अजून लांब आहे असं वाटलं, म्हणून मी आत गेले. नाडी बांधली, बटणं लावली. तेवढ्यात होडी खडकाला वळसा घालून निघाली आणि धक्का समोरच. त्याच्या टोकाला एक बाई एका पायावर भार देऊन उभी. लहानपणापासून ती तशीच उभी राहते. (तू कळवलंस हे तिथेच कळलं. त्याचं बघू नंतर.)

तिने मला ओळखलं आणि हात वर केला. आता माझी पंचाईत बघ. उठता येईना, हे तुला समजेल. आणि दोन्ही हात कापडाच्या आत! मी मान हलवली, पण होडीच्या डोलण्यात ती मान कुणीकडे हलली देव जाणे. ती हात वर धरून वाट बघत राहिली. मी नुसती बघतेय, ठोंब्यासारखी. मग तिचा हात हळूहळू खाली आला. ती वळली रे. घराकडे निघाली.

मग मी कापड फाडलं. माझ्या शिवणीची बटणं आहेत, सहज तुटत नाहीत. दोन्ही हात बाहेर काढले आणि हलवले, ओरडले, तिला लहानपणी चिडवायचे त्या नावाने. तेव्हा तुझा धक्का कुठे आणि पाढे कुठे!

ती पळत आली. पहिलं वाक्य काय, तर एवढी वर्षं आली नाहीस आणि आता बसूनच हात करतेस, उठवत नाही? मग मी का उठत नाही ते सांगितलं. ती जी खाली बसली ती तशीच बसली, हसून हसून.

आणि माझ्या न येण्याचं कारण तिला समजावून सांगायची गरजच नव्हती, हे रात्री जेवताना कळलं. एवढ्या वर्षांत तीही माझ्याकडे आली नाही, ते कंबरेमुळे म्हणून सांगायची. मला वाटायचं, संसारात रमली, बहीण नकोशी झाली. कंबर धडधाकट आहे तिची. तीच बस, तोच माळ. दोघी एकमेकींच्या रागाला घाबरून बसलो आणि राग कुणालाच नव्हता.

विमानात सोय असते, हे तिने आधीच तिघांना विचारून ठेवलंय. पण त्याआधी तिला माझं दुकान बघायचंय, चार दिवस राहायचंय. तेव्हा रविवारी होडी घेऊन ये. नवीन कापड शिवतेय. वाटेत ती आत असताना मीही तुझ्यासारखंच मागे तोंड करून बसायचं, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. एवढ्यावर भागलं नाही. गाणं म्हणशील ना, असं सकाळपासून दोनदा विचारून झालं.

आमचा दोघींचा लोभ तुझ्यावर आहे. टाकी तेवढी नीट धुऊन आण.

तुझी,
मावशी