मामांच्या नावावर एकशे बारा पुस्तकं

तीर्थस्वरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

आमच्या वाचनालयाला त्या मोठ्या देशानं नवं दालन बांधून दिलं, हे तुम्हाला माहीत आहेच (सध्या जो जगभर बंदरं आणि पूल बांधत सुटलाय, तोच). सोबत स्वतःच्या प्रगतीवरची चारशे पुस्तकं दिली. अट एकच, दर तीन महिन्यांनी वाचकांची यादी पाठवायची. पहिल्या तिमाहीत एकच पुस्तक बाहेर निघालं, तेही एका गृहस्थांनी उशाला घेतलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काहीतरी करा हो!" मी नातेवाइकांच्या नावांवर पुस्तकं चढवू लागलो. आत्या, मेहुणे, सगळे झाले. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, नावाला वजन. तिथं माझा हातच थांबेना. तुम्ही एकशे बारा पुस्तकं वाचलीत (धरणांच्या सिमेंटचे चार खंड दोन दिवसांत).

परवा त्यांच्या वकिलातीतले साहेब आले. यादी पाहून गहिवरले. "हे गृहस्थ इतकं वाचतात?"

"दुसरं काही करतच नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी तुमचा लेखी अभिप्राय मागितला. खरं सांगायला मी खुर्चीतून उठलोही होतो, मामा. तेवढ्यात ते बाईंना म्हणाले, असे वाचक असतील तर मुलांचा विभागही बांधून देऊ. बाईंचा चेहरा असा फुलला की मी परत बसलो. आणि तुम्ही गिरवून घेतलेल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'जगाला आता याच देशाचा आधार आहे.' खाली तुमची सही. एका गणिताची नक्कल केली म्हणून सख्ख्या भाच्याला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या माणसाची सही!

मामींना नमस्कार (त्यांची एकोणीस झाली).

तुमचा म्हणवून घ्यायला लाजणारा,
भाचा

ता. क. शुक्रवारी वाचनालयात तुमचा सत्कार आहे. नुसते येऊन बसा, बोलू नका. किंवा या आणि खरं काय ते सांगून टाका, माझ्याच्यानं होत नाही.

आणखी एक. तो अभिप्राय मोठ्या फलकांवर छापलाय. उद्या सकाळी तुमच्या दारासमोरच्या बसथांब्यावरही लागेल, म्हणून हे पत्र आजच माणसाहाती धाडतोय. त्यावर तुमचा फोटो माझ्या लग्नातला दिला, वाढप्याला हात वर करून तुम्ही "पुरे" म्हणताय तो. वाढप्याला त्यांनी कापलंय. तिथं आता त्यांचा झेंडा आहे.